भीतीची गोष्ट सांगताना: पहिल्यांदाच सांगणाऱ्यांसाठी

"भुताची सांग ना."

मूल असं म्हणालं की मोठ्या माणसाची पंचाईत होते. नाही म्हणावं तर ते हिरमुसतं, सांगावी तर रात्री कुशीतून हलायला तयार नसतं. मग बरेच जण भुताला गोड करून टाकतात. भूत येतं, ते मुळात प्रेमळच असतं, सगळे मिळून खेळतात, संपली गोष्ट. मुलाला हे तिथल्या तिथे कळतं. त्यानं मागितलं होतं एक आणि हातात पडलं भलतंच.

घरातल्या आणि ओळखीपाळखीच्या मुलांना मी बरीच वर्षं गोष्टी सांगते आहे. त्यातून माझं मत पक्कं झालंय, की भीतीची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. फक्त ती सांगायची एक रीत आहे. मुलाला खोल पाण्याशी नेऊन आपण काठावर बसत नाही, त्याच्याबरोबर आत उतरतो आणि त्याला घेऊनच बाहेर येतो. इथेही तेच करायचं आहे. कसं, ते पायरीपायरीनं सांगते.

पहिली पायरी: भीती घालणं वेगळं, भीतीची गोष्ट वेगळी

"झोप मुकाट्यानं, नाहीतर बागुलबुवा येईल." ही गोष्ट नाही, धमकी आहे. हिला सुरुवात नाही, मध्य नाही आणि शेवट तर नाहीच. बागुलबुवा 'येईल' म्हटलं की तो रात्रभर येतच राहतो. मुलाला त्याचं काही करता येत नाही, डोळे मिटून गप्प पडून राहणं एवढंच हातात उरतं. त्याहून वाईट म्हणजे त्याला बोलावणारी असते आई, नाहीतर बाबा. घाबरल्यावर ज्यांच्याकडे धाव घ्यायची, तेच जर त्याला सामील, तर मुलानं जायचं कुठे?

गोष्टीतला राक्षस येतो, काहीतरी करतो, मग त्याचं कोणीतरी काहीतरी करतं आणि तो जातो. सगळा फरक या 'जातो'मध्ये आहे.

मुलांच्या मनात भीती आपण घालत नाही, ती तिथे आधीपासूनच असते. आई परत आलीच नाही तर? अंधारात काय असेल? मी हरवलो तर? या भीतींना तोंड नसतं, हातपाय नसतात, म्हणून त्या सगळीकडे असतात. गोष्ट त्यांना अंग देते आणि पत्ताही देते. राक्षस सात डोंगरांपलीकडे राहतो म्हटलं, की निदान तो पलंगाखाली राहत नाही हे नक्की होतं. भीतीच्या गोष्टीचं मला कळलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

आता घरात धमकीची सवय असेल, तर आधी ती सोडा. दोन्ही एकाच वेळी चालत नाही. ज्या मुलाला रोज भीती घातली जाते, त्याला भीतीच्या गोष्टीत मजा येणं अवघड असतं, कारण त्याच्या लेखी ती गोष्ट नसतेच.

दुसरी पायरी: मूल ओळखा

वयाचा हिशेब लागतो, पण सुरुवातीपुरताच.

तीन वर्षांच्या आत भीतीची गोष्ट नको. त्या वयाची भीतीची गोष्ट म्हणजे 'बुवाऽऽ कुक'. चेहरा पदराआड गेला, क्षणभर जग थांबलं आणि चेहरा परत आला. मूल खिदळतं ते चेहरा परत आल्यामुळे. पुढच्या प्रत्येक भीतीच्या गोष्टीचं बी इथेच आहे. गेलं, आणि परत आलं.

तीन ते सहा या वयात मुलं दिसण्याला घाबरतात. दात, नखं, मोठा आवाज, विद्रूप चेहरा. राक्षस मनानं चांगला आहे वगैरे सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण दिसतोय तो राक्षसच. या वयाबद्दल आपली एक समजूत चुकते. "अरे, हे खोटं आहे" म्हटलं की भीती जाईल असं आपल्याला वाटतं. मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना रिकामी पेटी दाखवली आणि आत एक प्राणी आहे अशी कल्पना करायला सांगितलं. काहींनी ससा कल्पायचा, काहींनी भयंकर प्राणी. पेटी रिकामी आहे हे मुलांना माहीत होतं, तसं ती सांगतही होती. तरीही संशोधक खोलीबाहेर जायला निघाला, तेव्हा भयंकर प्राणी कल्पिलेल्यांपैकी काही लहान मुलं त्याला जाऊ देईनात. ससावाल्यांना अशी अडचण आली नाही. म्हणजे खोटं आहे हे कळणं आणि भीती न वाटणं या दोन निराळ्या गोष्टी. म्हणून त्या वयाच्या मुलाला पुराव्यापेक्षा तुमची मांडी जास्त उपयोगी पडते.

सात-आठच्या पुढे भीती बदलते. राक्षस आता चालतो, किंबहुना हवाच असतो. पण चोर, आग, आजारपण, पळवून नेणं, म्हणजे जे खरंच घडू शकतं, ते आत रुतून बसतं. "ही खरी घडलेली गोष्ट आहे हं" असं म्हणून रंगत वाढवायचा मोह मोठ्यांना याच वयात होतो. तो आवरा.

हे झालं वयाचं. त्यापलीकडे तुमच्या समोरचं मूल. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, आईवडिलांची ताटातूट चालू असेल, मूल दवाखान्यातून परत आलं असेल, तर काही महिने या गोष्टी बाजूला ठेवा. त्याच्याकडे भीती पुरेशी आहे. चारचौघं मुलं एकत्र बसली असतील तर गोष्टीची धार सगळ्यात लहान मुलाच्या बेतानं ठरवायची. मोठी मुलं 'अजून, अजून' म्हणून तुम्हाला ओढतील. त्यांना नंतर वेगळी सांगा.

तिसरी पायरी: गोष्ट जुळवा

पाठ केलेली गोष्ट असो किंवा स्वतः रचलेली, चार गोष्टी तपासून घ्या.

भीती एकच हवी. अंधारही, सापही, चेटकीणही आणि हरवणंही असा गोंधळ नको.

जागा मुलाच्या घरातली नको. पलंगाखालची जागा, कपाट, माळा, मोरी, जिना या जागी त्याला गोष्ट संपल्यावर एकटं जायचं असतं. जंगल, विहीर, पडका वाडा, नदीपलीकडचं घर यांतलं काहीही चालेल. दारापासून लांब असलं म्हणजे झालं.

गोष्टीतलं पोर ऐकणाऱ्याच्या वयाचं, किंवा वर्षभरानं मोठं. त्याला एक तरी गोष्ट नीट येत असावी. गाठ मारता येते, शिट्टी वाजवता येते, आकडे मोजता येतात, काहीही. तलवार नको. तलवार मुलाकडे नसते, शिट्टी असते.

चौथी बाब मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे मूल घाबरून धावत जाणार आहे, त्यालाच राक्षस करू नका. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये लोककथांचा पहिला खंड छापला, तेव्हा तो काही निव्वळ मुलांसाठी नव्हता, त्यात अभ्यासकांसाठी टिपासुद्धा होत्या. पुढे घराघरांत तो मुलांना वाचून दाखवला जाऊ लागला आणि १८५७ पर्यंत नव्या आवृत्त्यांमधून गोष्टी बदलत गेल्या. जंगलात सोडून दिलेल्या हॅन्सेल-ग्रेटेल या भावाबहिणीच्या गोष्टीत आधी मुलांना सोडून द्यायला लावणारी त्यांची सख्खी आई आहे. १८४० च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. चेटकीण तशीच राहिली, तिची भट्टी तशीच राहिली, बदलली ती आई. मुलाला चेटकिणीची भीती पेलवते, पण आपल्याच आईची भीती पेलवत नाही, हे त्यांना उमगलं असणार असं मला वाटतं. (मी स्वतः सावत्र आईसुद्धा वापरत नाही. ऐकणाऱ्या मुलांमध्ये सावत्र आईच्या कुशीत झोपणारं कोणी असू शकतं.)

चौथी पायरी: वेळ आणि बैठक

भीतीची गोष्ट झोपेच्या तोंडाशी सांगू नका. संध्याकाळ बरी. त्यानंतर जेवण, थोडी दंगामस्ती, एखादी साधी गोष्ट आणि मग अंथरूण, एवढं अंतर मध्ये हवं.

दिवे सगळे मालवायचे नाहीत. एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत, कारण पुढचं सगळं काम चेहऱ्यावरून चालतं. मूल इतक्या जवळ हवं की त्याला हात लांब न करता तुम्हाला धरता येईल.

सुरू करण्याआधी एक खूण ठरवा. त्यानं तुमच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं की गोष्ट तिथेच थांबेल, कोणी का म्हणून विचारणार नाही, हसणार नाही. मुलं ही खूण क्वचितच वापरतात. ती आहे एवढ्यावरच त्यांचा पुष्कळ धीर बांधला जातो. पण एकदा वापरली तर खरंच थांबा. "एवढंच राहिलंय" म्हणून पुढे रेटलंत तर खूण कायमची फुकट गेली.

यात टीव्ही-मोबाइलचा पडदा का नको, तेही सांगते. पडद्यावरचा राक्षस दुसऱ्या कोणीतरी पुरता रंगवून ठेवलेला असतो आणि मूल घाबरलं तरी तो त्याच्याकडे पाहत नाही. ऐकलेल्या गोष्टीतला राक्षस मूल स्वतः बनवतं, बहुतेक वेळा आपल्याला झेपेल तेवढाच. शिवाय सांगणारा समोर असतो, तो पाहतो आणि आवाज खाली आणतो.

पाचवी पायरी: सांगणं

मी नेहमी सांगते ती एक छोटी गोष्ट देते. तिचा उपयोग करून घ्या.

एका मुलीला विहिरीत हाका मारायचा नाद होता. कठड्यावरून वाकून ती म्हणायची, "ओऽऽ." आतून यायचं, "ओऽऽ." ती म्हणायची, "मी आले." आतून यायचं, "आले." रोजचंच झालं होतं. एकदा संध्याकाळी ती वाकली आणि म्हणाली, "कोण आहे?" आतून आलं, "कोण आहे…" आणि मग, जरा थांबून, "वर?"

यात राक्षस कुठेच नाही. दात नाहीत, रक्त नाही. दोनदा जे बरोबर घडलं, ते तिसऱ्यांदा एका शब्दानं चुकलं. भीती तिथे असते. दोनदा नेहमीसारखं घडू द्या, म्हणजे मुलाचा जीव तिथे रमतो, मग तिसऱ्यांदा थोडंसं बिघडवा.

'वर?' हा शब्द ओरडायचा नाही. नवीन सांगणारे इथे हमखास चुकतात. मोठा आवाज केला की मूल दचकतं, पण ती दचक कानाची असते, गोष्टीची नाही. आवाज खाली न्या, जवळजवळ कुजबुजल्यासारखा, आणि त्याआधी एक पूर्ण श्वास थांबा. मूल स्वतःच पुढे सरकतं.

त्या क्षणी त्याच्याकडे नीट पाहा. छाती धडधडते, डोळे विस्फारतात, अंगात एकदम तरतरी येते, हे सगळं शरीर खऱ्या संकटात करतं तेच. धोका नाही हे एका बाजूला माहीत असतं म्हणून त्याची मजा वाटते. मूल बोटांच्या फटीतून बघतंय, तुमचा दंड घट्ट धरलाय, "मग? मग?" चाललंय, मध्येच हसतंय, तर ठीक आहे, पुढे चला. पण ते गप्प झालं, अंग ताठ झालं, नजर दुसरीकडे गेली, सोडून दिलेला अंगठा पुन्हा तोंडात गेला, किंवा अचानक शू लागली, तर मजा संपली. रडू येण्याची वाट पाहू नका. गप्प बसलेलं मूल धीट दिसतं, आणि तेच जास्त घाबरलेलं असू शकतं.

अशा वेळी गोष्ट तोडू नका, लवकर किनाऱ्याला लावा. नेहमीच्या आवाजात या, मुलाला जवळ घ्या आणि गोष्टीतल्या पोराला घरी पोहोचवा. अर्धवट सोडलेला राक्षस बागुलबुवासारखाच, येतच राहतो.

सहावी पायरी: शेवट

चार्ल्स पेरो या फ्रेंच लेखकानं १६९७ मध्ये छापलेल्या लाल टोपडेवाल्या मुलीच्या गोष्टीत लांडगा आधी आजीला आणि मग मुलीला खातो, आणि गोष्ट तिथेच संपते. पुढे अनोळखी लांडग्यांपासून सावध राहण्याचा पद्यातला उपदेश आहे. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत शिकारी येतो, लांडग्याचं पोट कापतो, आणि आजी-नात दोघी जिवंत बाहेर येतात. मुलांना सांगायला मी हीच गोष्ट घेते. पहिली ताकीद देते. दुसरीही अंधारात नेते, लांडग्याच्या अगदी पोटात नेते, पण तिथून परत आणते.

शेवट मऊ असायलाच हवा असं नाही. लांडगा मेला तरी चालतं, मुलांना न्याय रोखठोक लागतो. शेवट पक्का मात्र हवा. "आणि अजूनही ती कुठेतरी फिरत असते…" हा मोठ्यांच्या गप्पांमधला शेवट. लहान मुलांपाशी तो नको.

हे मी चुकूनच शिकले. विहिरीची गोष्ट मी पहिल्यांदा भाचीला सांगितली, तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. 'वर?' मला इतकं आवडलं होतं की मी तिथेच थांबले. "मग काय झालं, ते कोणालाच माहीत नाही," असं म्हणून उठले. ती रडली नाही, नुसती मान हलवली. धीट आहे पोर, असं मला वाटलं. दोन दिवसांनी बहिणीनं सांगितलं, की पोरगी बाथरूममध्ये गेली की आधी पाणी जायच्या जाळीवर आंघोळीचा मग उपडा घालून ठेवते, आणि आंघोळ होईपर्यंत त्या मगावर एक पाय दाबून धरते.

सातवी पायरी: नंतरचे दिवस

गोष्ट सांगून झाली तरी सांगणाऱ्याचं काम संपत नाही. मूल चित्र काढेल, राक्षस होऊन घरभर फिरेल, बाहुलीला तीच गोष्ट सांगून घाबरवेल. हे होऊ द्या. तीच गोष्ट सलग दहा दिवस मागेल, तर दहा दिवस सांगा, शब्दही न बदलता. पुढे काय होणार हे माहीत असताना भीतीतून परत जाणं, हाच त्याचा सराव आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाबद्दल १९२४ मध्ये लिहिलं होतं. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणत गेले, आणि शेवटी मूल सशाला कुरवाळू लागलं. जवळ आणण्याचा वेग मुलाच्या मानानं ठरत होता. गोष्टींचंही तसंच ठेवा.

रात्री मूल जागं झालं तर आधी एवढं बघा. वाईट स्वप्न बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात पडतं. मूल पुरतं जागं होतं, स्वप्न सांगू शकतं, त्याला जवळ घ्यावं लागतं. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांतच ते किंचाळून उठलं, डोळे उघडे पण ओळख नाही, आणि सकाळी काहीच आठवत नाही, असं झालं तर तो बहुधा नाइट टेरर असतो. गाढ झोपेतला प्रकार आहे, बघणाऱ्याला भयानक वाटतो. हलवून जागं करू नका, लागू नये एवढं सांभाळा, थोड्या वेळात ते आपणच शांत होऊन झोपतं. एखादी भीती मात्र काही आठवडे टिकली, झोप, जेवण, शाळा यांत आडवी येऊ लागली, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलांच्या समुपदेशकांना दाखवा. तिथे गोष्टींवर विसंबून राहू नका.

साध्या भीतीसाठी मात्र गोष्टीचं औषध गोष्टच. जाळीवरच्या त्या मगाबद्दल ऐकल्यावर मी बहिणीकडे गेले, दुपारच्या उजेडात भाचीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "परवा माझं चुकलं. गोष्ट संपायच्या आधीच मी उठले. मग त्या मुलीनं काय केलं असेल गं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "झाकण लावलं."

"कसलं झाकण?"

"लाकडाचं. जाड. आणि वर दगड ठेवला. तिला एकटीला नाही उचलला, तिनं दादाला बोलावलं."

"मग?"

"मग घरी गेली."

इथे संपली, असं मी धरलं. तिनं ती गोष्ट दिवसभर स्वतःशीच घोळवली असणार. संध्याकाळी मी निघताना ती चप्पल घालून माझ्यामागे दारापर्यंत आली.

"मावशी, झाकणाला एक छोटं भोक ठेवायचं."

"का गं?"

"त्याला श्वास नको का घ्यायला?"

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. मग बादलीत होता, जाळी मोकळी होती. आणि पोरगी फोन ओढून घेत विचारत होती, विहिरीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून कधी सांगतेस.